अंगावरच्या लुगड्याची चिंधी

करणी, भूतबाधा, अंगात येणं... सगळं थोतांड, असं मी जन्मभर म्हणत आलो. देवाशीही माझं फार जमलं नाही. शाळा म्हणाल तर चार बुकं, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या. ही जाऊन महिना होत आला. घर खायला उठतंय. (तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आता कागदावरही घेववत नाही.) पोरं एका कामासाठी मागं लागलीत, आणि त्या कामाचीच मला भीती वाटते. का, ते सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव सोनपेठजवळ. सोमवती अमावस्या आली की निम्मं गाव गाड्या जुंपून गंगाखेडला निघायचं, गोदावरीत बुडी मारायला. तिला आम्ही गंगाच म्हणतो. मी मायला म्हणायचो, "आपल्या हिरीत बी पाणीच हाय की. तिथं काय येगळं मिळतंय?"

"तिथं आपली गेलेली माणसं हायती," माय म्हणायची. "हिरीत बेडकं हायती."

त्या साली हिला सातवा महिना होता. पोटुशी बाईनं गंगेवर जायचं नाही, असा आमच्यात नेम. ही लय रडली. ती लहान असताना तिची आई वारली, तिची राख गंगाखेडलाच सोडलेली. म्हणून तिला जायचं होतं.

आता आमच्याकडं एक रीत आहे. ज्याला येता येत नाही, त्याच्या नावानं दुसऱ्यानं बुडी मारायची. पण नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तिच्या कापडाची चिंधी मुठीत धरायची. चिंधी हेच नाव. माय हिला म्हणाली, "जुनेर फाडून दे, धुतलेलं. अंगावरलं देऊ नको बरं का." हिनं मान हलवली.

मी निघालो तर ही गोठ्याआड उभी. नेसल्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि पट्टी माझ्या हातात कोंबली.

"अवं, जुनेराला काय कळतंय? ह्यो न्या. मीच आल्यावानी वाटंल."

"माय बघंल."

"तुमी सांगू नका, म्हंजी झालं."

गंगेवर दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाण्यात उतरलो. ऊन कडक, घाटावर ही गर्दी. सोबत चुलतभाऊ खंडू. मायच्या नावानं मारली, लंगड्या काकाच्या नावानं मारली. खंडू म्हणतो, "आता समद्या गावाच्या मार! पुण्य गावाला, पडसं तुला!"

मग हिची चिंधी मुठीत धरून खाली गेलो.

चिंधी ताणली. वाटलं, दगडात अडकली. मी ओढली. तिकडून ओढली गेली. मी जरा ढिली सोडली, तर तिकडूनही ढिली... आणि मग असा हिसका बसला की खांदा निखळायचा. डोळे उघडले. गढूळ पाण्यात मनगटापर्यंतच दिसत होतं. पुढं चिंधी ताठ गेलेली, प्रवाहाच्या उलट्या बाजूला. पाणी इकडं वाहतंय आणि कापड तिकडं!

मूठ सोडावी असं एकदा वाटलं. सोडली नाही. नाकातोंडात पाणी गेलं, आणि तेवढ्यात खंडूनं केसाला धरून मला वर ओढलं.

"आरं येड्या, मरायलास का काय?"

चिंधी मुठीतच होती. मी कुणाला काही बोललो नाही.

घरी आलो तर अंगण बायांनी भरलेलं. ही बाजेवर, पांढरीफटक. माय मला बघून ओरडलीच. "काल दुपारी भाकरी थापता थापता आडवी झाली रं! डोळं फिरलं. तोंडातून पाणी... नुसतं पाणी, वाळू बी त्यात. लुगडं वलंचिंब. घरात तर घागर बी सांडली न्हवती."

मायनं वाटीत ती वाळू धरून ठेवलेली. बारीक, चमचम करणारी. आमचं शिवार सगळं काळं, वाळू औषधाला सापडायची नाही. मग मायचं लक्ष फाटक्या पदराकडं गेलं. "अंगावरलं दिलंस व्हय गं..." माय म्हणाली.

बाया गेल्यावर ही हळूच म्हणाली, "खंडूभावजींनी केसाला धरून तुमाला वढलं ना, तवा मी बी सुटले."

खंडू तर परस्पर त्याच्या सासरवाडीला गेला होता. गावातल्या बाकीच्या गाड्या अजून मागंच होत्या. घरात हे सांगणारं कुणीच नव्हतं.

"कुणी धरलं हुतं तुला?"

"हात लय गार हुता," ती म्हणाली. "पर वळखीचा हुता."

पुढं कितीदा विचारलं, तिनं तोंड उघडलं नाही. थोरला पोरगा धडधाकट जन्मला. ही मात्र उभ्या जन्मात गंगाखेडला गेली नाही. पोरं मोटारीनं नेतो म्हणायची. ही म्हणायची, "मी जाऊन आलेय."

एका डॉक्टरला सांगितलं होतं. तो म्हणाला, गरोदरपणातला झटका. असंल. मग वाळू कुठून आली? मला अजून नाही कळलं. तुमच्यात कुणाला कळलं तर कळवा.

हिच्या राखेचं मडकं अंगणातल्या लिंबाला टांगलंय. थोरला रोज मला म्हणतो, "दादा, आईला गंगेला न्यायला पायजे." एकदा तिथनंच ओढून आणलेली बाई, आपल्या हातानं परत कशी देऊ? पण किती दिवस लटकवून ठेवू? उद्या निघतोय. ती चिंधी ट्रंकेत होती, काढून खिशात ठेवलीय.

खालून ओढ लागली तर ह्या खेपेला केसाला धरायला खंडू नाही, तो कवाच गेला. आणि असता, तरी मी त्याला काठावरच बसवला असता.