दहाव्याचा कावळा आणि माझा चिखल

चिखलात किडे टिपणारी परदेशी पाखरं बघायची तर कोडियक्कराईला समुद्रावर जा, असं मला लोक अजून सांगतात. तंजावुरात काय आहे म्हणे! डोंबल आहे. थंडी पडायच्या आत दूर उत्तरेतून निघालेला तुतवार आमच्या तळ्याकाठी उतरतो, तो काही ह्या लोकांना विचारून उतरत नाही.

अशा पाखरांच्या जागा हुडकायला आम्ही नवराबायको मिळूनच शिकलो. ह्यांची नोकरी संपली तशी सकाळी स्कूटी काढायची, मागे मी, गळ्यात दुर्बीण, आणि पापनाशमच्या वाटेला लागायचं. पाणी गुडघाभर दिसलं तर पुढे चला. घोटाही बुडणार नाही इतकंच पाणी आणि त्यात चिखल चकाकतोय, तर थांबा. लावणीआधी चिखलणी झालेलं खाचर बघायचं, पाणी उतरू लागलेलं तळं बघायचं. गावाबाहेर सांडपाणी पसरतं ती जागासुद्धा आम्ही सोडली नाही. पाणटिवळे मी पहिल्यांदा तिथेच बघितले, नाकाला पदर लावून. नातेवाईक म्हणायचे, दोघांना वेड लागलंय. लागलं होतंच की!

मग एका सप्टेंबरात, पाखरं नुकती यायला लागली होती तेव्हा, हे गेले.

दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवले. आमच्यात कावळा शिवल्याशिवाय कुणी घरी हलत नाही. शिवत नसेल तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजून जो तो मोठ्याने वचन देतो. कावळा समोर चिंचेवर बसला होता, पण खाली काही येईना. धाकट्या दिरांनी सुरुवात केली.

"दादा, तुझं श्राद्ध चुकवणार नाही."

कावळा जागचा हलला नाही.

"दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही."

तरी नाही. तेव्हा त्यांनी हात जोडले. "दादा, वहिनींचं हे रानोमाळ हिंडणं आजपासून बंद. स्कूटी विकून टाकतो. राजवाड्यामागे आमच्याकडे राहतील, देवाधर्मात मन रमवतील. तू काळजी करू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं उरलेलं आयुष्य माझ्यादेखत कावळ्याला वाहून टाकत होते! मी रडत होते ती तशीच उठले. पलीकडच्या काठाला एक तुतवार शेपटी खालीवर करत चिखलात किडे टिपत होता. त्या वर्षीचा माझा पहिला. इकडे मात्र सगळं गोत पिंडाला खेटून उभं.

"भावजी, आधी सगळे मागे सरा," मी म्हटलं. "अजून मागे. त्या पायऱ्यांपर्यंत. गुरुजी, तुम्हीसुद्धा. आणि कुणी हलायचं नाही."

बाई दहाव्याला हुकूम सोडतेय म्हटल्यावर सगळे इतके चकित झाले, की मुकाट्याने सरले. मग मी खणखणीत आवाजात म्हटलं, "अहो, ऐकताय ना? मी स्कूटी शिकणार. दर सप्टेंबरात आपल्या सगळ्या जागा बघून येणार, एकटी. मला कोण अडवतं ते बघतेच."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. रीत त्यांचीच, कावळाही त्यांचाच. अहो, माणसं इतकी अंगाशी उभी राहिली तर कुठलं पाखरू खाली येईल? एवढं तर इतकी वर्षं चिखलात उभं राहून मला कळलं होतं. पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

स्कूटी शिकताना साडीसकट खाचरात पडले. गुडघा फुटला. "ह्या वयात?" म्हणून जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. ह्याच वयात, म्हटलं, दुसरं कुठून आणू? आता सप्टेंबर लागला की दीरच फोन करतात, "वहिनी, जाऊन आलात ना? दादाला वचन दिलंय." घाबरतात बिचारे.

जाऊन येते तर. कावळ्यापुढे युक्ती केली असेल, पण ह्यांना दिलेला शब्द खरा होता. पापनाशमच्या अलीकडे खाचराशी स्कूटी उभी करते. चिखलात पहिला तुतवार दिसला की "अहो, तो बघा" म्हणत मान मागे वळते. मागची सीट रिकामी असते. मग मी दुर्बीण डोळ्यांना लावते आणि दोघांच्या वाटचं बघून घेते.