बळीबाचं नाव

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नानांच्या तेराव्याला ओठांवर आलं होतं — गिळलं.

आमचे आमदार नाना काही मोठे वक्ते नव्हते. त्यांचं सगळं राजकारण माणसांच्या नावांवर चालायचं. नव्वदच्या दशकात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा जीपसुद्धा नव्हती. साखऱ्याच्या बळीबानं त्यांना आपल्या बैलगाडीतून गावोगाव फिरवलं. निवडून आल्यावरही नाना बाजारात शिरले की ज्याला त्याला नावानं हाक मारायचे, घरच्या म्हशीचीही चौकशी करायचे. मी त्यांचा ड्रायव्हर. पण जेवायला शेजारी बसवायचे. माझ्या पोरीचं नाव त्यांनीच ठेवलं. अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय?

दुसऱ्यांदा आमदार झाल्यावर ते विसरायला लागले. घरच्यांच्या आधी मला कळलं. मग मी मागं उभा राहून हळूच नाव सांगायचो, नाना तेच मोठ्यानं म्हणायचे. खरं सांगू? — मला त्याचा अभिमान होता.

एका सकाळी पाहुण्यांसमोर त्यांनी मलाच जुन्या ड्रायव्हरच्या नावानं हाक मारली. आजार आहे, ठाऊक होतं. तरी लागलं. इतकी वर्षं — आणि मीच?

त्याच दुपारी जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात बळीबा समोर आला. थकलेला, पण तोंडभर हसत. नानांनी मान जराशी मागं केली, माझ्याकडं कान दिला.

मी गप्प राहिलो.

“कोण्या गावचे तुमी?” नानांनी विचारलं.

बळीबाचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. “साखऱ्याचा हाय, साहेब,” तो म्हणाला. तोवर तो त्यांना नानाच म्हणायचा. मग हात जोडून गेला.

गाडीत नानांना आठवलं. “आपला बळीबा होता का रे त्यो? काहून सांगितलं न्हाईस?”

“गर्दीत मला बी दिसला न्हाई, नाना.”

“असू दे. तू तरी कुठंकुठं बघशील?” म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आमदारकी डोक्यात गेली, अशी बोलवा गावोगाव झाली. पुढची निवडणूक नाना हरले. त्यामुळंच हरले असं म्हणत नाही — पण बळीबा पुन्हा त्यांच्या दारी आला नाही. शेवटी शेवटी नाना लेकरांना ओळखत नव्हते. बळीबा आला का, एवढं मात्र विचारायचे.

त्या दिवशी बळीबा मला लांबूनच दिसला होता. तो आमच्याकडं येईपर्यंत मी त्याच्याकडंच बघत होतो.