न पुसलेला भागाकार

आमच्या वानखडे गुरुजींनी फळ्यावरची चूक कधी पुसली नाही, कुणाला पुसूही दिली नाही. ज्याची चूक त्यानेच शोधायची. सापडेपर्यंत गणित फळ्यावर तसंच, मग चार दिवस लागोत. बाकीचा धडा उरलेल्या कोपऱ्यात. पोर फळ्यापाशी आणि गुरुजी मागे पोरांच्या बसायच्या टाटपट्टीवर, अशी आमची उलटी शाळा. "चूक लपवाची नसते बापा, शोधाची असते," म्हणायचे.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. बडनेऱ्याजवळचं आमचं खेडं, मी चौथीत. बाराशे चोवीसला बाराने भागून मी उत्तर काढलं बारा. तीन दिवस ते फळ्यावर होतं आणि मी लाजेने अर्धी झाले होते. "गुरुजी, पुसू द्या ना," म्हटलं, तर म्हणाले, "पुसलं तर काहून चुकलं हे तुले कसं समजन?" मला त्यांचा अस्सा राग आला.

चौथ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. गुरुजींची नोकरी अजून कच्ची. साहेबांच्या शेऱ्यावर पक्की व्हायची होती. हेडमास्तर सकाळपासून विनवत होते, "वानखडे, आजच्या दिवस तरी फळा साफ करा." गुरुजी ढिम्म. साहेबांनी गणित पाहून कपाळाला आठ्या घातल्या, बारा पुसलं आणि एकशे दोन लिहिलं.

गुरुजी टाटपट्टीवरून उठले. एकशे दोन पुसून माझं बारा पुन्हा मांडलं. "साहेब, तुमचं उत्तर बरोबर हाय. पन पोरीचं अजून यायचं हाय." आणि खडू माझ्या हातात दिला.

उत्तर मी पाहिलं होतं, पण मधलं शून्य आलं कुठून? पहिल्यापासून भागू लागले. बारा एके बारा. दोन खाली घेतला. दोनात बारा जात नाहीत... जात नाहीत तर तिथे शून्य मांडायचं असतं, मी तशीच पुढे पळाले होते. "इथं चुकलं," म्हणत मागे वळले, तर साहेब केव्हाच निघून गेले होते.

शेरा पडला : शिक्षक उद्धट आहे. गुरुजींची नोकरी गेली. अकोल्याकडच्या एका खेड्यात नवी शाळा निघत होती, तिकडे ते निघाले. बडनेरा स्टेशनवर मी रडत होते. बाबांनी हात जोडले. "गुरुजी, आमच्या पोरीपायी तुमचं नुकसान झालं."

"नुकसान कायचं? तिले शून्य सापडलं ना?"

"तिथल्या शाळेत तर फळाबी नाही म्हणतात."

गुरुजींनी वळकटी खांद्यावर टाकली.

"भिंत तर असन ना," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.