बिनडागाचा पाचू

लालबागला आजवर जे काही बरं झालं, ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या करंगळीमुळेच झालं. असं मी नाही, त्याच म्हणतात. त्या करंगळीत पाचूची अंगठी आहे. पाचू हा बुधाचा खडा, त्याने बुद्धी वाढते, वाणी सुधारते. म्हणून त्यांचा मुलगा दहावी पास झाला तो पाचूने, आणि इमारतीची बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली तीही पाचूनेच. कणीक मळताना खड्याला धक्का नको म्हणून करंगळी उभी धरायची. ती सवय इतकी जडली की आता देवाला हात जोडतानाही ती एकटी बाजूला उभी असते. भेंडी घेताना त्या अंगठी पाटीवर धरून रंग जुळवून बघतात, आणि भाजीवाल्याचीच भेंडी फिकी ठरते. मी फारशी बोलत नाही, तर मला म्हणाल्या, "बुधवारी माझी अंगठी घाल गो, पोपटासारखी बोलशील." मी घातली. हरवेल या धास्तीने दिवसभर तोंडातून शब्द फुटला नाही.

अंगठी आणली होती थोरल्या दिरांनी. अस्सल खाणीतला पाचू आहे, एक डाग शोधून दाखवा, असं ते सगळ्यांना सांगत. ते गेल्यापासून हे सांगण्याचं काम जाऊबाई करतात.

परवा खडा हलायला लागला म्हणून आम्ही दोघी गिरगावात सोनाराकडे गेलो. त्याने भिंगातून पाहिलं, मग मशीनखाली धरून पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "मावशी, हा खाणीतला नाही. खाणीतल्या पाचूत बहुधा बारीक रेघांचं जाळं असतं, ह्यात काहीच नाही. हा प्रयोगशाळेत बनवलेला आहे."

जाऊबाई उसळल्या. "कारखान्यात झालं ते खोटं होय? ह्यांच्या गिरणीतली साडी नेसून माझं लग्न लागलं. लागलं की नाही?"

"लागलं," सोनार म्हणाला. "आणि हाही पाचूच आहे, मावशी. फक्त माणसाने केलेला."

"मग बसवा घट्ट."

दुकानातून त्या लढाई जिंकल्यासारख्या निघाल्या, त्या कोपऱ्यापर्यंतच. तिथे थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना ठाऊक असेल का गो? मला फसवलं असेल तर चालेल. पण ह्यांना कुणी फसवलेलं नसू दे."

मला कुठलं ठाऊक असायला? तरी मी म्हटलं, "ठाऊक होतं त्यांना. नक्की."

"लबाड कुठले," जाऊबाई म्हणाल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.