चव्वेचाळीस ग्रॅम

देवळीच्या बसस्टँडवर बाबा मला सोडायला आले ते थेट जिनिंगमधून. केसांत, भुवयांवर रुई. कापसाचा हंगाम भरात होता, तरी त्यांनी मुकादमाकडून अर्धा तास मागून घेतला होता. आईनं दिलेल्या पिशवीत दोघांना आठ दिवस पुरेल एवढा चिवडा. जाणारा मी एकटा, प्रवास दोन दिवसांचा. बाबांनी त्याच पिशवीत ग्रीसचा डबा खुपसला. जिनिंगच्या बेअरिंगला लावतात ते, पिवळं, तीन नंबरचं.

"कडीले, कोयंड्याले, सायकलले, सगळ्याले चालते," ते म्हणाले. "कमी नको पडू देजो. जास्तीनं काई बिघडत नाई."

बस निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, घड्याळ पाहिलं. अर्धा तास संपला होता.

त्याला एकवीस वर्षं झाली. मी कुल्लूच्या खोऱ्यात, एका जलविद्युत प्रकल्पावर नदीची पातळी मोजतो. वर्ध्याकडचा माणूस नदी मोजतो म्हटलं की गावाकडे हसतात. उन्हाळ्यात आपल्याकडे मोजायला काय असतं? इथं मे महिन्यात बर्फ वितळून पाणी चढतं, आणि तेव्हाच देवळीत अंगण तापून पाय ठेववत नाही. डबा मात्र तोच आहे. दर दोन वर्षांनी गावाला गेलो की बाबा तो भरून देतात.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्याही घरात असं काहीतरी भरून आलेलं असेल. आमच्याकडे ही भरण्याची सवय जिनिंगमधून आली. बाबांचं काम तेलपाण्याचं. एक बेअरिंग कोरडं पडलं की तापतं, ठिणगी उडते, आणि रुईत शिरलेली आग दिसत नाही. दाबून बांधलेली रुईची गाठ वरून पांढरी, हात लावला तर थंड. आत दोन-दोन दिवस धुमसत असते. मी नववीत असताना अशी एक गाठ त्यांनी हातानं ओढून बाहेर काढली. उजव्या तळव्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात महिनाभर पट्ट्या बांधाव्या लागल्या. त्यानंतर ते प्रत्येक बेअरिंगला एक बोट जादा ग्रीस भरू लागले, आणि आई प्रत्येक भाजीत एक पळी जादा तेल.

माझी मुलगी केतकी इथंच जन्मली. एकोणीस वर्षांची होईल. ती डोंगरावरून सायकल खाली आणते, देवदारांमधून, मुळांवरून, दगडांवरून. त्या सायकलीच्या पुढच्या, हादरे झेलणाऱ्या फोर्कमध्ये दोन नळ्या असतात. एकीत हवा कोंडलेली असते, दट्ट्याच्या वर आणि खाली अशा दोन कप्प्यांत. नळीच्या भिंतीला आतून ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा असतो. दट्ट्या त्यावरून जाताना दोन्ही कप्प्यांतली हवा सारखी होते. फोर्क दबून पुन्हा वर येतो तो या दाण्याएवढ्या जागेच्या भरवशावर.

गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी मी तो फोर्क पहिल्यांदा घरी उघडला. पुस्तिकेत लिहिलं होतं: सस्पेन्शनचं मऊ ग्रीस, रबरी सीलवर पातळ थर. चंदीगडहून मागवलेली डबी पेढ्याएवढी. मी बाबांना फोन लावला.

"पातळ थर?" बाबा म्हणाले. "कंपनीवाल्याचं काय जाते? त्याईच्या घरी आग लागली होती का कधी?"

"बाबा, सायकल आहे. आग कुठून लागणार?"

"कोरडं पडलं तं पोरगी पडन. तुले समजत नाई का?"

सुनंदा, माझी बायको, देवळीजवळच्या नाचणगावची. ती शेजारून म्हणाली, "टाका जी थोडं जास्त. डबीकडे पाहून राह्यले, जसं काई तूप वाढून राह्यले जावयाले."

मी आधी डबीतलं लावलं, पुस्तिकेप्रमाणे. मग देवळीचा डबा उघडला आणि सीलच्या मागे, दट्ट्याच्या खाली, बोट-बोट भरलं. मी मोजल्याशिवाय काही करत नाही. डबा आधी काट्यावर ठेवला, नंतरही ठेवला, दोन्ही आकडे वहीत लिहिले. वजाबाकी केली नाही.

फोर्क बंद केला तेव्हा वरची उघडी नळी एकशे बावन्न मिलिमीटर होती. रोज सकाळी नदीवर जाण्याआधी मोजायची सवय लागली. गुरुवारी एकशे एकोणपन्नास, शुक्रवारी एकशे त्रेचाळीस, शनिवारी एकशे चौतीस. दर वेळी पंपानं हवा भरली, काटा बरोबर पंच्याऐंशीवर. हवा पुरी, उंची कमी.

"काऊन मोजून राह्यले रोज रोज?" सुनंदा म्हणाली. "पोरगी आहे का नदी?"

नदीवर आम्ही एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकतो. पाऊस ओसरलेला नाही, थंडी वाढलेली नाही, तरी पातळी उतरली, तर खूश व्हायचं नाही. वर कुठंतरी दरड कोसळून पाणी अडलंय असं समजायचं आणि भोंगा वाजवायचा. मला हे एकवीस वर्षं माहीत आहे. शनिवारी मी केतकीला एवढंच म्हणालो, "उद्या नको जाऊस."

"पप्पा, थोडं कम-जादा होतच असतं. चालवताना ठीक होईल." तिची पुढच्या महिन्यात शर्यत होती. मी हो म्हणालो.

रविवारी ती सकाळी सहाला गेली. वर घाटाजवळ तीन अंश. नऊ वाजता मी वही उघडली. तीनशे बारा. दोनशे अडुसष्ट. चव्वेचाळीस ग्रॅम, जिथं सगळं मिळून सहा पुरले असते. आणि ते ग्रीस आपल्या उन्हाळ्यात वितळू नये म्हणून केलेलं. त्या थंडीत ते मेणासारखं होणार आणि दाण्याएवढ्या खळग्यात जाऊन बसणार. एका कप्प्यात गेलेली हवा परत येणार नाही. दर दणक्याला फोर्क थोडा खाली बसेल, आणि चाकाखाली दगड येईल तेव्हा दबायला काही उरलेलं नसेल.

फोन लागला नाही. वर नेटवर्क नसतं. स्कूटर काढली आणि पायवाट जिथं रस्त्याला मिळते तिथं चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. दहा. पावणेअकरा. दोन सायकलवाले आले, तिचे नव्हेत. अकरा वीसला सफरचंदाच्या पेट्या वाहणारी पिकअप उतरली. पेट्यांत केतकी बसली होती, डावं मनगट मफलरनं छातीशी बांधलेलं, हनुवटीवर रक्त वाळलेलं. सायकल शेजारी आडवी.

"ब्रेक उशिरा मारला," ती म्हणाली. "माझीच चूक."

वहीतले आकडे मी तिला सांगितले नाहीत. मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. बाबांचा फोन आला, "ग्रीस कमी पडलं असन," आणि त्यांनाही काही सांगितलं नाही. केतकी खिडकीशी बसून उजव्या हाताची दोन बोटं दाबायची, सोडायची. जेवताना, बोलताना, ब्रेक नसलेल्या हवेत. चौथ्या दिवशी तिनं शर्यतीतून नाव काढून घेतलं. सातव्या दिवशी म्हणाली, सायकल विकू या, मला खाली उतरताना अंदाजच येत नाही. सुनंदा म्हणाली, "बरं झालं, सुटली." मी ताटावरून उठलो.

काल सोमवारी मी फोर्क तिच्यासमोर जमिनीवर उघडला, आणि वहीचं पान. ती नळीत डोकावली. खळगा कुठं होता ते दिसतही नव्हतं. तिथं गुळगुळीत पिवळी भिंत होती. तिनं नखानं ते काढलं, दोन आकडे वाचले आणि वजाबाकी केली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी. नऊ वाजता."

"आज दुसरा सोमवार आहे."

"हो."

तिनं फडकं घेतलं. एका हातानं नळी पुसत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "अजून कुठं कुठं लावलंय हे?"

तेव्हापासून मी यादी करतोय. दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, स्कूटर, गॅसची शेगडी, तिची लहानपणची तीनचाकी, जी कोणाला दिली ते आठवत नाही. पंखे. पाळणा. गावाकडचे लोक विचारतात, घराची आठवण येते का. मी आजवर समजत होतो की घर तिकडे, देवळीला राहिलं आणि मी इकडे आलो. तसं झालेलं नाही. मी ते बोटाबोटानं इथं भरत आलो, प्रत्येक वस्तू बंद करण्याआधी, आणि आत काय झालं हे पाहायला एकही पुन्हा उघडली नाही. वस्तू तरी उघडता येतात. पोरीला काय काय जास्तीचं दिलं ते कोणत्याच वहीत नाही.

यादी एकतीसवर आली आहे. केतकी गळ्यात हात अडकवून, दुसऱ्या हातात फडकं घेऊन घरभर फिरते आहे. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो, "पप्पा, हे पण?"

मला इथून दिसत नाही ती कशाबद्दल विचारते आहे. मी हो म्हणतो.