डोळ्याला लावलेलं कुंकू

मार्केट यार्डाच्या मागे मसाल्याच्या कारखान्यात मी पुड्या भरायच्या मशीनवर कामाला होते. शाळा चौथीपर्यंत. मशीनच्या आतलं मला कळत नाही आणि कळतं असं मी दाखवतही नाही. पण काम नीट करणारं माणूस ओळखू येतं. अशी एक इंजिनियर मुलगी आमच्याकडे आली होती.

शेठांनी मसाला आपोआप तोलणारा नवा काटा आणला होता. तो जुन्या मशीनला जोडायला ही आली. कसबा पेठेतल्या मुसलमान घरातली, अंगाने किरकोळ. दुपारपर्यंत काम उरकेल असा शेठांचा हिशोब. तिने वायरींची पेटी उघडली, बराच वेळ आत बघितलं आणि मला म्हणाली, "मावशी, ही वायर कशाला टाकली आहे?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू."

"टाकणारा गेला. रोज मशीनपाशी तुम्ही असता."

मग सांगितलं. खंडेनवमीला आम्ही मशीनला हळदकुंकू वाहतो. एका वर्षी शेठांनी कुंकू नेमकं मशीनच्या डोळ्यावर लावलं. पुडीच्या कागदावरची काळी खूण त्या डोळ्याला दिसली की मशीन पुडी कापतं. डोळा बुजला, मशीन थांबलं. पूजेचं कुंकू पुसायला कोणी धजेना, म्हणून फिटरने वायर टाकून डोळाच वगळला आणि मशीन अंदाजाने कापू लागलं. पुढे दरवर्षी कुंकू तिथेच. पुड्या वाकड्या निघायला लागल्या, तर दुसऱ्या फिटरने कापायचा वेग बदलला. मग पुड्या अडकायला लागल्या. अडकलेली काढायला दार उघडलं की मशीन बंद पडायचं, म्हणून तिसऱ्याने दाराचा स्विचच बांधून टाकला. तेव्हापासून आम्ही चालत्या मशीनमध्ये हात घालत होतो. माझ्या शेजारची विदर्भातली बाई त्यात सगळ्यात चपळ. तिचं कौतुक व्हायचं. तिची बोटं शाबूत होती ते नशीब.

मुलगी शेठांकडे गेली. "आधी हे सगळं काढते. मग काटा जोडते."

"दिवाळी तोंडावर आहे, मॅडम. चालत्या मशीनला हात लावू नका. जमत नसेल तर दुसरा बोलावतो."

"बोलवा. तो आणखी एक वायर टाकेल." आवाज चढला नाही. "त्याआधी एक शेवग्याची शेंग मागवा."

यार्डात शेंगेला काय तोटा. तिने मशीन चालू केलं, दार उघडलं आणि शेंग शेठांच्या हातात दिली. "एक टोक धरा. दुसरं तिथे घाला, जिथे या बायका हात घालतात."

पातं आलं. शेंगेचा तुकडा खाली पडला. उरलेली शेंग धरून शेठ उभे.

"वरणात टाकाले बरोबर झाली, शेठ," विदर्भातली बाई म्हणाली.

शेठ हसले नाहीत. गुरुवारी कारखाना बंद असतो, दिवाळीपर्यंतचे सगळे गुरुवार त्यांनी तिला दिले.

चहा करायला म्हणून मी तिथे असायचे. एका वेळी ती एकच वायर काढायची. मशीन चालवून बघायची, पटलं तरच पुढची. घाई नाही, तोंडाची बडबड नाही. आधीच्या फिटरांना मी नावं ठेवली तर म्हणाली, "त्यांना त्या दिवशी मशीन चालू करून द्यायचं होतं. दिलं त्यांनी." कुंकवाला मात्र तिने हात लावला नाही. "शेठ, तुम्ही लावलंत, तुम्हीच पुसा." शेठांनी आधी नमस्कार केला, मग पुसलं. त्या पोरीइतकी समज मला म्हातारपणीही आलेली नाही.

काटा दिवाळीआधी जोडून झाला. पण आता दार उघडलं की मशीन थांबायचं, आणि आम्हीच वैतागलो. विदर्भातली बाई तर म्हणाली, "पोरीनं चालतं मशीन बिघडवलं."

दिवाळीच्या गर्दीत एक पुडी अडकली. बाईचं तोंड माझ्याकडे, बोलणं चालू. जुन्या सवयीने तिने न बघता दार उघडून हात आत घातला. पातं तिच्या बोटांच्या वर थांबलं होतं. तिने हात बाहेर काढला, बोटं उघडून मिटून पाहिली.

"थांबलं," ती म्हणाली.

"थांबणारच. पुडी काढ आणि दार लाव, मागे ढीग साचतोय."

तिने पुडी काढली, दार लावलं. त्या मुलीला पुन्हा नावं ठेवली नाहीत.