आप्पांचा भरलेला तांब्या

शेवगावच्या बाजारात बंदोबस्ताला उभी होते तेव्हा फोन आला. साळवे आप्पा गेले... हार्ट अटॅक. रडू नंतर आलं, आधी मनात आलं, आता ठाण्यात माझ्या मागं कोण उभं राहणार?

आप्पा आमचे सहायक फौजदार. आपलाच माणूस आरोपीवर हात टाकायला निघाला तर त्याला वेळीच कसं आवरायचं, हे नव्या शिपायांना शिकवायचं काम त्यांच्याकडं होतं. वर्गात ते एकाला चिडलेला साहेब करत. पहिल्या दिवशी आम्ही सगळे त्या साहेबाचं मनगट धरायला धावलो. आप्पा वैतागले. "चारचौघात हात धरला की साहेबाची इज्जत जाती, मग तो दुप्पट मारतो. काठोकाठ भरलेला तांब्या पुढं करायचा. घ्यायला दोन्ही हात लागत्यात." आम्ही फिदीफिदी हसलो. मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हणाले, "लई वाटती. पर तांब्या न्यायचा."

पुढं एका दुपारी देवळाली प्रवराकडचा एक टेम्पोवाला विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीत, निव्वळ संशयावरून आणला होता. साहेबांनी कमरेचा पट्टा काढला. आप्पांनी माझ्याकडं बघून माठाकडं मान हलवली. मी माठातून तांब्या काठोकाठ भरला. तांब्या पुढं केला तसे साहेब गुरकावले, "पाणी कुणी मागितलं?" दारातून आप्पा म्हणाले, "ऊन लई हाय, साहेब. घ्या." साहेबांनी पट्टा टेबलावर टाकला, दोन्ही हातांनी तांब्या घेतला, प्यायले आणि खुर्चीत बसले. टेम्पोवाला संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला. मला मात्र धडकी भरली. साहेबांना आडवी गेले म्हणून मी आले की बाकीच्यांची बोलणी थांबायची. लांब खर्ड्याकडं बदली होणार अशी कुजबुज होती, आणि लेक तर अजून अंगणवाडीत. आप्पा डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायचे. "बदली व्हईल तवा व्हईल. भाकर खा आधी."

बदली झाली नाही. भीतीही गेली नाही.

गेल्या आठवड्यात एका संशयिताला आत नेल्यावर साहेबांच्या खोलीतून पुन्हा तसाच आवाज चढला. सवयीनं मी आप्पांच्या खुर्चीकडं पाहिलं. तिच्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं. बाकीचे सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. मी उठले, माठातून तांब्या भरला. हात इतके थरथरत होते, की दारापर्यंत अर्धं पाणी माझ्याच बुटांवर सांडलं. अर्धा तांब्या एका हातात सहज मावतो, हे आत गेल्यावर ध्यानात आलं. साहेबांच्या दुसऱ्या हातात पट्टा होता. त्यांनी तांब्या धरला, पण मी माझ्या बाजूनं सोडलाच नाही.

"सोड की," साहेब म्हणाले.

"पट्टा ठेवा आधी, साहेब," मी म्हणाले. तांब्या मी धरूनच ठेवला होता.